सावड

चिठ्ठीवर फक्त आकडा होता. ८०.

वहीच्या पानाचा चतकोर, चार घड्या, आत निळ्या पेनानं दोनदा गिरवलेले ऐंशी. नाव नाही, वाक्य नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात टेबलाभोवती आम्ही सात जण बसलो होतो. मला सोडलं तर सगळे विशीच्या अलीकडचे-पलीकडचे. पुण्याहून कुणी पाहुणा आला असता तर त्याला वाटलं असतं, मार्क असतील. ऐंशी टक्क्यांवर गाडी अडली म्हणून पोरगं खट्टू झालं असेल. टेबलाभोवती मात्र कुणी काही विचारलं नाही. त्या आठवड्यात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट ऐंशीला गेलं होतं. वीस किलोचं क्रेट. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं वजा जाता मागे काय राहतं, हा हिशेब आमच्याकडे शाळकरी पोरालाही तोंडी येतो.

२०२३च्या जुलैत याच बाजारात क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. टीव्हीवाले आले, शेतात उभे राहून बोलले, टोमॅटोची लाली कॅमेऱ्यात धरून गेले. ऐंशीला टीव्हीवाले येत नाहीत. ऐंशीला घरात जेवताना कुणी बोलत नाही, मोठ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी पुढे ढकलली जातात, आणि अकरावीतलं एक पोरगं फी कधी भरायची हे विचारायचं राहू देतं. त्यानं काय लिहावं? त्याला जेवढं येत होतं तेवढं त्यानं लिहिलं.

चिठ्ठी ज्या खोक्यातून निघाली ते बुटांचं होतं. पोरांनी त्याला मातकट रंग दिला आणि नाव ठेवलं रांजण. आमच्या जुन्नरला नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळातला, कोकणातून वर चढून येणारा. घाटमाथ्यावर दगडात घडवलेला एक मोठा रांजण आहे आणि व्यापारी येता-जाता जकातीची नाणी त्यात टाकत, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पोरांनी त्याच रांजणाची आठवण धरली. खोक्यावर खडूनं लिहिलं होतं : ‘इथं ओझं टाका. पावती मिळणार नाही.’

हे वाक्य मला सुचलं नसतं. मी पंचवीस वर्षं मराठी शिकवतोय.

*

या टेबलाशी मी कसा येऊन बसलो ते सांगायला हवं, कारण त्यात माझं काही कर्तृत्व नाही. उलट एक चूक आहे.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगा तासानंतर माझ्यामागून स्टाफरूमच्या दारापर्यंत आला. उंच, शिडशिडीत, खांद्यावर एकाच पट्ट्याची बॅग. म्हणाला, “सर, झोप लागत नाही.” माझ्या हातात तपासायचे पेपर होते. मी म्हणालो, “मोबाईल उशाशी ठेवू नकोस. पहाटे उठून पळायला जात जा.” तो हसला, “हो सर” म्हणाला आणि गेला. पुढच्या महिन्यात हजेरीत त्याच्या नावापुढे फुल्या पडायला लागल्या. नंतर कळलं, कॉलेज सोडलं. आता चाकणला कंपनीत आहे, बरं चाललंय म्हणतात. हा ‘म्हणतात’ मला अजून टोचतो. माझ्या दारापर्यंत आलेल्या मुलाची खबर मी ऐकीव धरून बसलोय.

तर गेल्या पावसाळ्यात माझ्याच वर्गातली पाच-सहा पोरं एक पत्रक घेऊन आली. कुठल्याशा कार्यक्रमात वाटलेलं, गुळगुळीत कागदाचं. त्यावर लिहिलं होतं : ‘किशोरवयीनांनी भावनिक ताणतणावाचे व्यवस्थापन करण्याकरिता समुपदेशन सेवेचा लाभ घ्यावा.’ त्यांच्यातली एक मुलगी आहुप्याकडची. घोडेगावच्या वसतिगृहात राहते, त्याआधी आश्रमशाळेत शिकली. ती म्हणाली, “सर, यातला कुठला शब्द मी माझ्या आईला वाचून दाखवू?”

मी पत्रक पुन्हा वाचलं. ‘घ्यावा’ एवढाच सापडला.

मग आपलं पत्रक आपणच करायचं ठरवून आम्ही शब्द गोळा करायला बसलो, आणि ती दुपार मला फार दिवस पुरली. आमचं कॉलेज पुणे-नाशिक रस्त्यालगत. निम्मी पोरं जुन्नर तालुक्यातली, निम्मी आंबेगावातली. बागायती पट्ट्यातले शब्द वेगळे, डोंगरातले वेगळे. कुणी म्हणालं, ‘कशात मन लागत नाही’. कुणी, ‘जीव रमत नाही’. ‘पोटात खड्डा पडतो.’ ‘आतून भरून येतं आणि बाहेर येत नाही.’ ‘डोकं बधिर होतं.’ मुलग्यांसाठी वेगळाच एक शब्द निघाला : ‘घुमा झालाय’. मुलगी गप्प झाली की गुणी, मुलगा गप्प झाला की घुमा. दोघांनाही कुणी विचारत नाही. आणि म्हाताऱ्यांचा ठरलेला, ‘लई इचार करतो’.

हा शेवटचा शब्द निघाला तेव्हा मी वाचलेली एक गोष्ट त्यांना सांगितली. झिम्बाब्वेत शोना भाषेत अशा माणसाला ‘कुफुंगिसिसा’ झालंय म्हणतात, म्हणजे फार विचार करण्याचं दुखणं. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारेत दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाकं मांडली आणि त्यांवर गावातल्या आज्यांना बसवलं. आज्या लोकांचं ऐकून घ्यायच्या, त्यांच्याच शब्दांत. पोलीस भरतीची तयारी करणारा एक जण ताबडतोब म्हणाला, “आमच्या आजीला बसवलं तर गाव रिकामं होईल.” सगळे हसले. मीही. पण त्यानं लगेच पुढे जे सांगितलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्याचं म्हणणं, पत्रकात ‘टेन्शन’ हा शब्द हवाच.

मी नाक मुरडलं. मास्तराचं नाक.

“सर, टेन्शनला लाज नाही,” तो म्हणाला. “नैराश्य म्हटलं की लोक दोन पावलं मागं सरकतात. टेन्शन चहासारखं आहे. कुणालाही विचारता येतं, कुणीही हो म्हणतं. एकदा हो म्हटलं की मग पुढचं बोलता येतं.”

टेन्शन राहिलं. समुपदेशन गेलं. त्या जागी आलं ‘बोलायला माणूस आहे’.

आमच्या भागात या दुखण्याला आणखी एक शब्द आहे, तो कुणी यादीत घातला नाही पण सगळ्यांच्या मनात होता. येरवडा. पुण्याकडे जाणाऱ्याला ते गावाचं नाव असेल. आमच्याकडे ती शिवी आहे. तिथलं मनोरुग्णालय इंग्रजांच्या वेळचं आणि आशियातल्या मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. कुणी दोन दिवस जेवलं नाही की पारावरचा कुणीतरी म्हणणारच, “येरवड्याची गाडी बोलवा.” त्या एका शब्दानं किती जणांचे ओठ शिवले असतील, याची गणती कुठल्या सर्वेक्षणात येत नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयाच्या मुलांत मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. माझ्या वर्गात ऐंशी पोरं बसतात. हिशेब मांडायचा झाला तर पाच-सहा. मी हजेरी घेताना आता त्या पाच-सहांकडे बघतो आणि ते कोण हे मला ओळखता येत नाही.

मुलग्यांवर इथं आणखी एक वजन आहे. खिडकीतून शिवनेरी दिसतो. गडाच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलाला पहिल्यांदा रडताना पाहून कुणी ना कुणी म्हणतं, “शिवनेरीच्या मातीतला ना तू?” डिंभ्याच्या धरणाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, महाळुंगे पडवळचा हा मुलगा १९३०च्या डिसेंबरात मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला तेव्हा बावीस वर्षांचा होता. या दोन्ही नावांचा मला अभिमान आहे, दर वर्षी भाषणही करतो. पण चिठ्ठ्यांमध्ये एक होती, मुलग्याच्या अक्षरातली : ‘मला धाडस नाही. कुणाला सांगू नका.’ ती वाचल्यापासून माझं भाषण थोडं आखूड झालंय.

*

पत्रक झाल्यावर पोरं थांबली असती तर मी त्यांना शाबासकी देऊन मोकळा झालो असतो. ती दवाखान्यात गेली.

भागातल्याच एका सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एका सकाळी किशोरवयीनांसाठी समुपदेशक बसतात. अशी सोय कागदावर बऱ्याच ठिकाणी आहे. केंद्र सरकारनं ७ जानेवारी २०१४ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी. त्यातल्या सहा विषयांत पोषण आहे, व्यसन आहे, हिंसा आहे, तसं मानसिक आरोग्यही आहे. महाराष्ट्रात या क्लिनिकांना ‘मैत्री’ असं गोड नाव आहे, आणि गावागावांत त्याच वयाची पोरं ‘साथिया’ म्हणून तयार करायची अशीही त्यात योजना आहे. कल्पना चांगली. मग मुलं का येत नाहीत?

पोरांनी कुणाला विचारलं नाही. एक वही घेऊन दोन जण त्या सकाळी बाकावर बसून राहिले, नातेवाइकाला घेऊन आल्यासारखे. दुपारी येऊन त्यांनी मला जे वाचून दाखवलं ते मी त्यांच्याच शब्दांत देतो : समुपदेशनाच्या खोलीचं दार केसपेपरच्या खिडकीसमोर. केसपेपरच्या रांगेत कायम कुणाची तरी आत्या. दारावर पाटी, ‘मानसिक आजार तपासणी’. वेळ दहा ते एक. त्या वेळी आपली सगळी पोरं कॉलेजात. एक मुलगी आली, पाटी वाचली, रांगेकडे बघितलं, पाणी प्यायच्या मशिनकडे गेली, पाणी न पिता परत गेली.

पाणी न पिता. हे त्यांनी टिपलं. मी असतो तर मी खोलीत जाऊन साहेबांना योजनेबद्दल विचारलं असतं.

गोव्यात संगाथ या संस्थेनं पंधरा-वीस वर्षांपूर्वी ‘युवा मित्र’ नावाचा प्रयोग केला होता. सोळा ते चोवीस वयाच्या मुलांसाठी, दोन शहरी आणि दोन खेड्यांकडच्या वस्त्यांत. त्याच वयाच्या मुलांना शिकवून त्यांनाच आपापल्या गावात बोलायला लावलं, शिक्षकांनाही शिकवलं. नंतर जिथं हे काम झालं तिथं नैराश्याची लक्षणं कमी आढळली, हाणामाऱ्याही कमी. आपल्या नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्रानं २०१३ ते १५ या काळात ‘आत्मीयता’ चालवलं. गावातलीच माणसं ‘मित्र’ आणि ‘चॅम्पियन’. हातात स्मार्टफोन, त्यात गोष्टी सांगणाऱ्या छोट्या फिल्मा. आणि गरज पडली तर दवाखान्यापर्यंत सोबत. ही माहिती मी पोरांना सांगितली तेव्हा आहुप्याच्या मुलीनं एकच विचारलं, “पेठला केसपेपरची रांग कुठल्या बाजूला होती?”

ती चेष्टा करत नव्हती.

त्यांनी अर्ज लिहिला. अर्ज मी तपासला. शुद्धलेखनाशिवाय कशाला हात लावू दिला नाही. तीन मागण्या. पाटी बदला. वेळ दुपारची करा, म्हणजे परतीच्या एसटीआधी तासभर मिळेल. खोली बदला. तिथल्या समुपदेशक बाई तरुण होत्या, स्वतःही त्या पाटीला कंटाळलेल्या. पाटी आठवड्यात उतरली. वेळेचा कागद वर गेला आणि वरच राहिला. खोली मिळत नव्हती, जागाच नाही. मग त्या पोलीस भरतीवाल्यानं खोलीत जाऊन मागची भिंत बघितली. जुन्या रजिस्टरांचं लोखंडी कपाट होतं. कपाटामागे दार. बाहेर सायकली लावायच्या शेडकडे उघडणारं, कडी गंजलेली. कपाट दोन हात सरकवायला तीन माणसं आणि अर्धा तास लागला. रजिस्टरांत कुणाचंतरी घरटं होतं, उंदराचं असावं.

आता तिथं पुढून पाटी नाही आणि मागून दार आहे. सायकल लावायला म्हणून गेलेलं पोरगं आत जातं. किती जातात? समुपदेशक बाईंना विचारा. पोरं मोजत नाहीत, मीही मोजायला सांगितलं नाही.

२५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. फार चांगलं झालं. तो समुपदेशक येईल तेव्हा त्याला कुठली खोली द्यायची, याचा सल्ला मी त्या पोलीस भरतीवाल्याकडून घेणार आहे.

*

बिबट्याचं सांगायचं राहिलं. आमच्या भागावरचं लिखाण बिबट्याशिवाय पुरं होत नाही, आणि या वेळी तो उगाच आलेला नाही.

कुकडीच्या धरणांनी आमच्याकडे ऊस आणला, उसानं बिबट्या आणला. माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे, पिंजरे लागतात, बातम्या येतात. २०२५च्या हिवाळ्यात शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागली. हे सगळं तुम्ही वाचलं असेल. जे छापून येत नाही ते असं : बिबट्यानं आमची संध्याकाळ खाल्ली. पूर्वी दिवेलागणीनंतर पोरं मारुतीच्या पारावर, पुलाच्या कठड्यावर, दूध डेअरीच्या ओट्यावर दोन-दोन तास बसायची. काही महत्त्वाचं बोलायची नाहीत. क्रिकेट, गाड्या, कुणाचं काय. पण त्या बिनमहत्त्वाच्या बोलण्यात मध्येच एखादा म्हणून जायचा, “आज लई बेकार वाटतंय यार.” आता सातला दारं बंद. मळ्यातलं घर, एक बल्ब, आई-बाप टीव्हीसमोर, आणि पोरगं पांघरुणात मोबाईलच्या उजेडात. रांजणातल्या तीसेक चिठ्ठ्यांत बिबट्याचं नाव दोनदाच आलं. ‘रात्री कुणाकडे जाता येत नाही’ हे मात्र वेगवेगळ्या अक्षरांत कितीतरी वेळा.

म्हणून या पोरांनी ग्रंथालयातलं टेबल मागितलं. दुपारी अडीच ते साडेतीन. उजेडात.

टेबलाचे नियम त्यांनी ठरवले. उपाय सांगायचा नाही. ‘माझ्या वेळी’ म्हणायचं नाही. हसलं तर चालेल, आधी बोलणाऱ्यानं हसायला हवं. ऐकलेलं टेबलावर ठेवून उठायचं. आणि एक नियम त्यांनी बराच वाद घालून केला : गुपित ठेवायचं, पण जिवावरचं गुपित ठेवायचं नाही. कुणी जगण्यालाच कंटाळल्याचं बोललं तर त्याला एकटं सोडायचं नाही, मोठ्या माणसाला सांगायचं, दवाखान्यात सोबत जायचं आणि तिथंच १४४१६ लावायचा. टेलिमानसचा हा नंबर ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. एका मुलीनं तो नंबर सगळ्यांच्या एसटी पासच्या मागे स्केचपेननं लिहून दिला. पोलीस भरतीवाला म्हणाला, कंडक्टरलाही उपयोगी पडेल.

मला त्यांनी टेबलावर घेतलं ते सरावासाठी. समोर एकानं बोलायचं, मी ऐकायचं, बाकीच्यांनी माझे ‘अरे पण’ मोजायचे. समोरचा मुलगा खोटंच बोलत होता, सरावाचं, बारावीच्या मार्कांबद्दल. दोन मिनिटांत माझे चार ‘अरे पण’ झाले, एक ‘असं बघ’, आणि एकदा मी त्याचं वाक्य त्याच्याआधी पुरं केलं. वर ते चुकीचं पुरं केलं. पोरं पोट धरून हसली.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी मी वर्ग घेऊन खोडदला जातो. तिथं आणि आजूबाजूच्या गावांत जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस महाकाय थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत, एकेक पंचेचाळीस मीटर व्यासाची. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली, एक कारण म्हणजे इथं रेडिओलहरींचा गलका कमी. आत जाताना मोबाईल बंद करायला लावतात. कुठल्या कुठल्या दीर्घिकेहून निघालेला क्षीण आवाज ऐकायचा तर खिशातला फोन म्हणजे कानाशी वाजणारा ताशा. दर वर्षी हे सांगताना मी रंगून जातो. त्या दिवशी टेबलावर हरल्यानंतर एक मुलगा मला म्हणाला, “सर, तुम्ही खोडदला फोन बंद करता तसं तोंड बंद करून बघा.” इतक्या नम्रपणे म्हणाला की रागावताही येईना.

*

सावड हा शब्द तुम्हाला माहीत असेल. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी. पैशाचा व्यवहार नाही. आमच्या बागायती पट्ट्यात ती जवळजवळ मोडली. मजुरांच्या टोळ्या येतात, उचल घेतात, जातात. डोंगरातल्या महादेव कोळी वाड्यांत मात्र तिचं एक रूप अजून आहे, त्याला पडकई म्हणतात. उतारावरची जमीन फोडायची, दगड रचून ताल घालायचा, माती भरून भातखाचर तयार करायचं. एकट्या घराला हे होण्यासारखं नाही, म्हणून वाडीतली माणसं पाळीपाळीनं एकमेकांच्या उतारावर राबतात. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं, तालुक्याचं नाव तेवढं वर राहिलं, कचेरी घोडेगावला आहे. त्या पाण्यानं उठवलेल्या माणसांसोबत शाश्वत या संस्थेनं पडकईचं काम वर्षानुवर्षं केलं, २०१२ला त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिकही मिळालं.

पडकईबद्दल मला हे सगळं वाचून माहीत होतं. आहुप्याच्या मुलीनं जे सांगितलं ते वाचनात नव्हतं. “सर, पडकईला कुणी कुणावर उपकार करत नाही. म्हणून मागायला लाज नाही. ज्याच्या उतारावर काम चालू असतं त्याला सगळे शिव्या पण देतात, असला कसला दगड तुझा म्हणून.” ती थांबली. “इथं टेबलावर जो नुसता मदत करायला येतो ना, त्याच्यापुढं कुणी बोलत नाही. ज्याची पाळी पण येणार असते, त्याच्यापुढं बोलतात.”

मग तिनं तिची पाळी घेतली. जुलैचा शेवट होता, बाहेर पाऊस. ३० जुलै २०१४ला माळीणवर डोंगर आला तेव्हा ती आठ वर्षांची होती. १५१ माणसं गेली. तिची वाडी बरीच लांब, तिच्या घरातलं कुणी गेलं नाही, आणि म्हणूनच, ती म्हणाली, तिला कधी कुणी विचारलं नाही. माळीणच्या लोकांना नवं गाव मिळालं, मंत्री आले, पत्रकार आले. आजूबाजूच्या वाड्यांमध्ये नुसती पावसाची भीती राहिली. “धो धो लागला की माझा बाप अजून रात्रभर दाराशी बसतो. डोंगराकडं तोंड करून. सकाळी कामाला जातो. आम्ही सगळे झोपल्याचं सोंग करतो.” तिनं वहीच्या कडेला नखानं रेघ ओढली. “वसतिगृहात पत्र्यावर पाऊस वाजला की मी पण बसते. दाराशी नाही. कॉटवर.”

कुणी काही बोललं नाही. बराच वेळ. पोलीस भरतीवाल्यानं पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली, झाकण उघडून. माझ्या तोंडात तीन वाक्यं तयार होती, तिन्ही चांगली होती, आणि मी ती गिळली.

ती पाणी प्याली. पुसलं तोंड. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आता सर.”

“माझं काय आहे?” मी म्हणालो.

“उतार सगळ्यांकडे असतो.” हे ती म्हणाली का दुसरं कुणी, आठवत नाही. हसून म्हटलं होतं एवढं खरं.

मी घड्याळ बघितलं, सव्वातीन. मी त्यांना स्टाफरूमच्या दाराशी आलेल्या मुलाचं सांगितलं. एकाच पट्ट्याची बॅग, माझ्या हातातले पेपर, मोबाईल उशाशी ठेवू नकोस. सांगायला तीन मिनिटं लागली असतील. घशाशी मात्र तीन वर्षांचं आलं. सहा जण माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ना कीव, ना ‘सर, तुम्ही तरी काय करणार’. वर्गात मी कधी इतका वेळ सलग ऐकला गेलो नव्हतो. शेवटी तिनं नियमात बसेल असा एकच प्रश्न विचारला. “नंबर आहे का त्याचा?”

होता. तीन वर्षं होता.

तिची घोडेगावची गाडी पावणेचारची, तिथून पुढे आठवड्याच्या सुट्टीला आहुप्याची शेवटची धरायची होती. सगळे एकदमच उठले, खुर्च्या सरकल्या, कुणाची छत्री कुणी नेली. मी रांजण कपाटात ठेवला आणि रस्त्यावर आलो. पाऊस उघडला होता. एका ट्रॉलीतून क्रेटं चालली होती, रिकामी, एकात एक बसवलेली. मी टपरीच्या आडोशाला उभा राहून फोन लावला.

पाच-सहा रिंगा गेल्या.

“कोण?”

मी नाव सांगितलं. पलीकडे आधी काहीच नाही, मग, “सर? तुम्ही?”

“झोप लागते का रे?” मी विचारलं.

तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. मागे कुठलंतरी मशीन ठराविक अंतरानं आदळत होतं. शिफ्ट चालू असावी. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि उभा राहिलो.